दर पावसात बुचांचे खेळाडू तिरके का जातात (आणि बॉल मधेच का जाऊन बसतो)

घरी बनवलेलं बुचांचं फुटबॉल मे महिन्यापर्यंत झकास चालतं आणि जून उजाडला की खेळाडू सरळ मारला तरी शेवटच्या वितीत वळतो, बॉल कोणी हात न लावता हळूच मधल्या सर्कलात जाऊन बसतो, असं तुमच्याकडे होत असेल तर वाचा. आमच्याकडे हे सलग तीन चतुर्थ्या झालंय. त्यातली दोन वर्षं आम्ही भलत्याच गोष्टीला दोष देत बसलो.

खेळ काय आहे ते आधी सांगते. मुलगी सहा वर्षांची असताना नवऱ्याने तिला फातोर्ड्याला मॅच बघायला नेलं, एफसी गोवाची, आणि ती घरी आली ती कॅरमच्या सोंगट्यांना त्या संघाचा नारंगी रंग द्यायला बसली. कॅरम सासऱ्यांचा. तो वाचवायचा म्हणून मी म्हटलं आपण वेगळंच मैदान करूया. स्वयंपाकघराच्या कपाटांचं काम झालं होतं, त्यातला सहा एमएमचा प्लायचा मोठा तुकडा उरला होता, तो १२० बाय ८० सेंटिमीटर कापून घेतला. खरं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटरचं असतं, म्हणजे एक मीटरला एक सेंटिमीटर धरलं की हिशोब एकदम सोपा होतो, पेनल्टीचा ठिपका ११ सेंटिमीटरवर, सर्कलची त्रिज्या ९.१५, मोठा बॉक्स गोलपासून १६.५, आणि भोवती सहा-सात सेंटिमीटर मोकळी कड उरते. वरून हिरवा ऑइल पेंट, पांढऱ्या रेघा. फक्त वरून. हे लक्षात ठेवा.

खेळाडू म्हणजे बिअरच्या बाटल्यांची बुचं. ती गोळा करायला कोपऱ्यावरच्या बारवर जावं लागलं, तिथला पात्रांव, म्हणजे मालक, माझ्याकडे बघून म्हणाला, कित्याक जाय तुका बुचां (कशाला हवीत तुला बुचं)? आता काय सांगणार, मुलीला खेळायला म्हटलं तर आणखी संशय. असो. बूच उताणं ठेवायचं, म्हणजे गुळगुळीत बाजू खाली आणि दाते वर, आणि त्यात उभा करायचा छोटा माणूस. ही माणसं आम्ही चिकणमातीची केली, फोंड्याजवळ आमच्या गावात गणपतीची चित्रशाळा आहे, तिथून मूठभर माती मिळाली. कॅरमसारखं बोटाने मारायचं, बुचाने बॉलला धक्का, आळीपाळीने एकेक फटका. हा प्रकार काही आमचा शोध नाही. ब्राझीलमध्ये कोटाची बटणं घेऊन असंच फुटबॉल पिढ्यान् पिढ्या खेळतात, आणि इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकात गोल बुडाच्या छोट्या खेळाडूंचा सबुटिओ निघाला तोही बोटानेच मारायचा. पण तो कापडावर खेळतात, त्याचं बूड त्या हिशोबाने केलेलं असतं. आम्ही एकदा हिरवी चादर अंथरून बघितली. बुचं जागची हललीसुद्धा नाहीत.

आता बिघाड.

पहिल्या चतुर्थीला घर भरलेलं, दीर-जावा, त्यांची मुलं, माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीखाली) पाच-सहा पोरं मैदानाभोवती बसली आणि खेळ काही चालेना. बुचं रखडत होती. सगळ्यांनी एकमताने पावडरला दोष दिला. कॅरमची बोरिक पावडर डब्यात गोळा झालेली होती हे खरं, ती चाळून घेतली, डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकली (मिठात तांदूळ घालतो ना, तसंच, पण सुटे नकोत, पुरचुंडीतच, नाहीतर मैदानावर तांदूळ येतात). थोडा फरक पडला. रखडणं कमी झालं, वळणं तसंच राहिलं. पण तोवर पाहुणे निघून गेले होते आणि दिवाळीपर्यंत आपोआप सगळं ठीक झालं, त्यामुळे आम्ही म्हटलं पावडरच होती. आपोआप ठीक झालेली गोष्ट आपण केलेल्या उपायाने ठीक झाली असं वाटतं, आणि इथेच आमचं एक वर्ष फुकट गेलं.

दुसऱ्या वर्षी पावडर कोरडी ठणठणीत, तरी तोच प्रकार. मग बुचं तपासली. यात खरंच काहीतरी सापडलं. ओपनरने बाटली उघडली की बूच मधोमध किंचित दुमडतं, डोळ्याला दिसत नाही, पण काचेवर ठेवून कडेला बोट दाबलं की टकटक हलतं. असं बूच सरळ जाणारच नाही, ते नौकेसारखं एका अंगावर जातं. बुचाला २१ दाते असतात, त्यातला एखादा बाहेर वाकून खाली आला असेल तरी तो प्लायवर घासतो आणि बूच त्या बाजूला फिरतं. यावर उपाय सोपा आहे, बाटली उघडताना बुचावर एक नाणं ठेवायचं आणि मग ओपनर लावायचा, बूच जवळजवळ सपाट निघतं. आधीच दुमडलेलं असेल तर उताणं सपाट लोखंडावर ठेवून आतून लाकडी दांड्याने हळू ठोकायचं. हातोडीने थेट नको, खळगा पडतो. आणि बूड आधी तपासा, पावसात रंग खरवडलेल्या जागी गंज धरतो, बारीक पॉलिश पेपर फिरवून वर मेणबत्ती घासली की झालं. मेण अगदी कमी. आम्ही जास्त लावलं तर ते पावडरीत मिसळून काळा चिकट थर तयार झाला, तो काढायला रॉकेल मिळेना म्हणून थिनर वापरला आणि पेनल्टी बॉक्सची रेघच गेली.

चोवीस बुचं सपाट केली. खेळाडू अजूनही वळत होते. सासूबाई म्हणाल्या, त्या बिअरच्या बुचांना अजून चढलेली आहे.

तिसऱ्या वर्षी मुलीनेच पकडलं. ती आता नऊची. हाफटाइमला आम्ही बाजू बदलल्या आणि ती म्हणाली, आई, डावीकडचा विंगर उजवीकडे वळतो आणि उजवीकडचा डावीकडे वळतो, मधला कोणीच वळत नाही. मी म्हटलं हं, खेळ. ती म्हणाली, अगं पण मग तो खड्डा आहे.

खड्डाच होता. चारी कोपरे उचललेले, मधला भाग खाली, ताटासारखा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला आणि मध्ये शाळेची पट्टी उभी केली, जवळजवळ सात एमएम फट. डोळ्यांना सात एमएम काहीच दिसत नाही. पण आमचा बॉल म्हणजे लाकडी मणी, त्याला दिसतं.

मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं, त्याने फळी उलटी केली, हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, सकयल्यान रंग मारूंक ना (खालून रंग मारला नाही)? नाही मारला होता. खालून कोण बघतंय.

कारण असं आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, सुकलं की आकसतं. वरून ऑइल पेंट असल्यामुळे वरची बाजू जवळजवळ बंद, खालची उघडी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको, चपलांना बुरशी येते. उघडी बाजू फुगते, बंद बाजू तशीच राहते, मग फळी वाकते आणि फुगलेली बाजू बाहेरच्या अंगाला जाते. म्हणजे खाली पोट, वर खळगा. दिवाळीनंतर हवा सुकली की खालची बाजू पाणी सोडते आणि फळी परत सरळ होते, आमचं ‘आपोआप ठीक’ झालं ते हे. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तर उलटच होऊ शकतं, मध्ये फुगवटा येऊन बॉल आउटला पळतो. एखाद्याने रंगच भर पावसात मारला असेल तर त्याच्याकडे हे उन्हाळ्यात दिसेल.

आणि हो, दुकानदार म्हणेल वॉटरप्रूफ प्लाय घ्या मॅडम. बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय चांगलाच असतो, पण त्यात पाण्याला दाद देत नाही तो मुख्यतः डिंक. थर सुटत नाहीत. लाकूड मात्र ओल घेतच राहतं आणि एकाच बाजूला रंग मारलात तर तोही वाकेल. आमच्या कपाटाचा प्लाय तोच होता.

तर तुमच्याकडे कुठे बिघाड आहे ते आधी ओळखा. एकच एक खेळाडू वाकडा जातो, बाकी नीट, तर ते बूच. सगळेच रखडतात पण सरळ जातात, तर पावडर किंवा चिकट झालेला रंग. सगळे एकाच दिशेला सरकतात, समजा खिडकीकडे, तर फळी तशीच उचलून १८० अंशात फिरवा आणि परत मारा. अजूनही खिडकीकडेच जातात तर टेबल किंवा जमीन कललेली आहे, फळी निर्दोष. जुन्या घरांतल्या लाल सिमेंटच्या जमिनी, बाल्कांवातल्या (दारापुढच्या ओट्यातल्या) तर हमखास, पाणी बाहेर जावं म्हणून उताराच्याच केलेल्या असतात. पायाखाली पुठ्ठा घाला. फळीबरोबर दिशाही फिरली तर फळी पिळली गेली आहे. आणि आमच्यासारखं सगळं मध्यभागी गोळा होतंय तर ताट झालंय. हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला बाबांनो. आम्ही दुसऱ्या वर्षी पावडर, बुचं आणि टेबल एकाच संध्याकाळी बदललं आणि कशाने काय झालं ते कोणालाच सांगता आलं नाही.

भर पावसात करायचं काय? कायमचा इलाज पावसात होत नाही, हे मान्य करा. रंग सुकत नाही, लाकडात ओल कोंडली जाते. तात्पुरतं म्हणून सपाट टेबलावर ठेवून चारी कोपऱ्यांच्या मोकळ्या कडेवर वजन द्यायचं. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर इस्त्री, दोनांवर नवऱ्याचे डंबेल्स, जे एरवी कोणी उचलत नाही. बघायला भयंकर दिसतं पण कॉर्नर किकला वरवंट्यावरून बॉल परत आला तर खेळ चालू असा नियमही झालाय. लाकडी कामाचे सी क्लॅम्प असतील तर उत्तमच.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की खरं काम. फळी अंगणात रंगीत बाजू खाली, उघडी बाजू वर अशी ठेवायची, म्हणजे फुगलेली बाजूच सुकते. खाली दोन रिपा, हवा जायला. आम्ही दुपारचे तीन-चार तास असे दोन दिवस ठेवली, दर तासाला बघत, कारण जास्त वेळ राहिली तर उलटी वाकते. सरळ झाली की आत आणून सपाट जमिनीवर, वर वर्तमानपत्र आणि त्यावर चार चिरे. चार दिवस. चिऱ्याची लाल माती सगळ्या घरभर होते, आधी धुऊन सुकवून घ्या, मी नाही घेतले.

मग खालून रंग, आणि वरून जितके हात मारले असतील तितकेच खालून. मारताना चारी कडा विसरू नका, प्लायची कापलेली कड सगळ्यात जास्त पाणी ओढते, तिथे थरांची टोकं उघडी असतात. कडेला दोन-तीन हात हवेतच. खालचा रंग कुठलाही चालतो, आमच्या घरी गेटचा उरलेला चॉकलेटी होता. सुकल्यावर खालून आडव्या दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने मारून घ्या. पट्टीतली भोकं स्क्रूपेक्षा जरा मोठी ठेवायची हे मेस्ताने सांगितलं, लाकूड हलतं तेव्हा त्याला हलायला जागा लागते, नाहीतर पट्टीच त्याला वाकवते. नवीनच करणार असाल तर सहा एमएम घेऊच नका, १२ घ्या. या मापाची फळी सात किलोच्या आसपास भरते, मुलांना एकट्याने उचलता येत नाही. तेही बरंच आहे.

ठेवायची कुठे हाही प्रश्न आहे. आम्ही भिंतीला टेकवून उभी ठेवायचो, ती भिंत चिऱ्याची, पावसाकडची. हात लावला तर गार लागते. आता पलंगाखाली, आडवी, दोन रिपांवर. मांजर त्यावर झोपतं.

बॉलचंही सांगून टाकते कारण खड्डा आधी बॉलनेच दाखवला होता आणि आम्ही बघितलं नाही. सुरुवातीला कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) वाळकी मिरी घेतली, मुलीची आयडिया, वास मस्त पण सुरकुतलेली, कुठेही उडते. थर्माकोलचा गोळा पंख्याने पळतो. सायकलचे छर्रे वेगात जातात आणि गोलकीपरचं नाक फोडतात. शेवटी आजीच्या तुटलेल्या माळेतला लाकडी मणी ठरला, आजीची परवानगी दोन दिवसांनी मिळाली. पण मण्याला आरपार भोक असतं आणि थांबताना तो त्या भोकावरच बसतो, मग गोल असून चौकोनी असल्यासारखा वागतो. भोकात पुट्टी भरून, सुकल्यावर घासून घेतला की व्यवस्थित. मैदान सपाट आहे की नाही हे रोज खेळायच्या आधी त्यालाच विचारायचं, चार कोपऱ्यांत चार वेळा हळूच सोडून. जागेवर थांबला की किक ऑफ.

मातीच्या माणसांची दोन दुखणी. एक, उंच केली की उलथतात. बुचाची रुंदी साधारण ३२ एमएम, माणूस त्याहून उंच नको. तळाशी वजन लागतं, मुलीने त्यासाठी एक-एक रुपयाची नाणी वापरली, २२ एमएमची ती बुचात छान बसतात, फक्त मग कदंब बसमध्ये बसताना सुटे पैसे म्हणून मला सेंटर फॉरवर्ड मोडावा लागला. हार्डवेअरमधून वॉशर आणा. दुसरं, कच्ची माती पावसात मऊ होते, पाय बुचापासून सुटतात. त्यामुळे माणसांनाही सगळीकडून रंग, तळपायासकट. आता हे सांगायला नको खरंतर.

अजून एक तक्रार जी बिघाडासारखी वाटते पण नाही, ती म्हणजे गोलच होत नाहीत. आम्ही मापात अडकलो होतो, खरा गोल ७.३२ मीटर रुंद म्हणून ७.३२ सेंटिमीटर ठेवला. पण आपला कीपर त्या मापात तीन मीटरहून रुंद आहे! तो मध्ये उभा राहिला की दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर उरतात आणि मणी त्यातून जायला नशीब लागतं. दहा मॅच शून्य-शून्य झाल्यावर गोल १२ सेंटिमीटर केला. खेळाडूही अकरा नको, सहा-सहा पुरे, नाहीतर बाजाराच्या दिवशीचं म्हापसा होतं.

आणि तीन-शून्य झालं की मुलगी फळी डुगडुगवते, याला मेस्ताकडे इलाज नाही. मी मुद्दाम हरून बघितलं, तिला लगेच कळलं आणि ती जास्त चिडली. सध्या मी डाव्या हाताने मारते आणि माझा गोल १४ सेंटिमीटरचा आहे, तिचा १२. गेल्या महिन्यात डाव्या हाताने मी चार-दोन जिंकले. आता ती म्हणते १६ कर.